घरांच्या मात्रा मोजणारा ग्रंथ

ज्या ग्रंथाचें परीक्षण आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, तो त्यांच्यापैकीं फारच थोड्यांनीं उघडून पाहिला असेल. ग्रंथालयाच्या वाङ्‌मयविभागांत तो सांपडावयाचा नाहीं. त्यावर कोणा एका ग्रंथकाराचें नांव नाहीं, कीं कोणास केलेली अर्पणपत्रिका नाहीं. तथापि गेल्या पांचसहा वर्षांत महाराष्ट्रांत ज्यांनीं घर बांधलें, त्यांपैकीं बहुतेक जण याच ग्रंथाच्या एखाद्या पानांत जाऊन राहिले आहेत, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. हा ग्रंथ म्हणजे राज्यशासनानें डिसेंबर २०२० मध्यें मंजूर केलेली 'एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली' होय. बृहन्मुंबई, औद्योगिक विकास महामंडळाचीं क्षेत्रें आणि दुसरे कांहीं मोजके प्रदेश वगळले तर उरलेल्या सर्व महाराष्ट्रास ती लागू आहे. आणि म्हणून पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांतील बारामती व इंदापूर या दोन नगरांत जें नवें घर परवानगी घेऊन उभें राहतें, त्याचा सांगाडा तिच्याच कोष्टकांतून बाहेर पडतो.

वाङ्‌मयाला वाहिलेल्या मासिकांत नियमावलीचें परीक्षण कशाला, असें कोणी विचारील. त्याला आमचें उत्तर असें कीं, घर ही मनुष्याची सर्वांत मोठी व सर्वांत टिकाऊ कृति; तिच्या रचनेचे नियम कोणी तरी लिहितो, आणि ते जसे लिहावे तशी ती कृति घडते. छंदःशास्त्राचा विचार जर रसिकांच्या अधिकारांतला, तर या शास्त्राचा विचारहि त्यांच्या अधिकाराबाहेरचा नव्हे. शिवाय बारामती हें मोरोपंतांचें गांव. पन्हाळ्यास जन्मलेला हा कवि नाईकांच्या आश्रयानें कऱ्हेच्या कांठीं आला आणि १७९४ सालीं तेथेंच त्याचा देह पडला. आर्येच्या पूर्वार्धांत १२ आणि १८ मिळून ३० मात्रा. एक कमी नाहीं, एक अधिक नाहीं. एवढ्या बंधनांत त्यानें जन्मभर लिहिलें, आणि तेंहि अपुरें वाटलें म्हणूनच कीं काय, ओष्ठ्य वर्ण अजीबात वर्ज्य करून 'निरोष्ठ रामायण' रचिलें. ज्या गांवानें असा कवि पोसला, तेथें 'नियम आले कीं सौंदर्य गेलें' असा आक्रोश करणें शोभणार नाहीं. नियम हवेतच. परंतु वृत्ताचा नियम कानानें ठरविला आहे. घराचा नियम कोणत्या इंद्रियानें ठरविला, हें मात्र परीक्षकानें पाहिलें पाहिजे.

प्रथम गुण सांगावे, ही परीक्षणाची जुनी रीत आहे आणि ती न्याय्यहि आहे. बांधकामाचे नियम हौसेनें जन्मास आलेले नाहींत. १८९६ सालीं मुंबईंत आणि लागलीच पुण्यांत प्लेगानें जो कहर केला, त्यानें कोंदट चाळी आणि अंधारी माजघरें यांवर सरकारची नजर खिळली. १८९८ सालीं मुंबईंत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या संस्थेनें ६३½ अंशांच्या प्रकाशरेषेचा नियम पाळला. त्याचा सोपा अर्थ असा कीं, समोरच्या भिंतीची जेवढी उंची, निदान तिच्या निम्मी जागा दोहोंमध्यें मोकळी असावी, म्हणजे तळमजल्याच्या खोलींतहि आकाशाचा उजेड उतरतो. हा नियम डोळ्यानें ठरविलेला होता. पुढें १९१५ सालीं मुंबई इलाख्यास नगररचनेचा कायदा मिळाला. स्वातंत्र्यानंतर १९६६ सालीं महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला, आणि आजची नियमावली त्याच वृक्षाची फांदी आहे. रस्ता अडवून कोणी ओसरी काढूं नये, शेजाऱ्याची हवा कोणी कोंडूं नये, आग लागली असतां बंबास वाट असावी, या गोष्टी आज आपण गृहीत धरतों. त्या कोणी तरी लिहून ठेविल्या म्हणून गृहीत धरतां येतात.

आणखी एक गुण आहे, आणि तो आमच्या मतें सर्वांत मोठा आहे. जुन्या गांवांतहि विभागरचना होतीच. पण ती जन्मावरून होती. कोणत्या जातीनें कोणत्या आळींत राहावें आणि कोणी वेशीबाहेर राहावें, हें गांव ठरवीत असे, आणि त्या नियमास हरकत घेण्यास जागा नव्हती. नव्या ग्रंथांत विभाग आहेत ते निवासाचे, व्यापाराचे, उद्योगाचे व शेतीचे. घरमालकाची जात त्याच्या कोणत्याहि कोष्टकांत नाहीं. ज्या डिसेंबर २०२० मध्यें ही नियमावली मंजूर झाली, त्याच महिन्यांत वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचा निर्णयहि शासनानें घेतला. जुन्या पेठेचें कौतुक करतांना ज्यांना ही गोष्ट आठवत नाहीं, त्यांचें कौतुक अर्धवट समजावें.

आतां दोषांकडे वळूं. बारामती व इंदापूर हीं दोन्हीं गांवें सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहेत. पाऊस थोडा, ऊन फार. मे महिन्याच्या मध्याच्या आसपास येथें सूर्य माध्यान्हीं अगदीं डोक्यावर येतो आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापून रात्रीं घरांत उष्णता सोडीत राहते. या उन्हाला जुन्या गवंड्यांनीं जें उत्तर शोधलें तें सर्वांस ठाऊक आहे: शेजाऱ्याच्या भिंतीस भिंत, वर मातीचें जाड माळवद, मधोमध चौक, पुढें ओटा, मागें परस. कऱ्हेच्या कांठचा बाबूजी नाईकांचा वाडा बाहेरून किल्ल्यासारखा, इंदापूरची मालोजीराजांची गढी तर गढीच. त्यांना शत्रूचें भय होतें. परंतु पेठेंतल्या साध्या घराला भय उन्हाचेंच होतें, आणि तेंहि बाहेर पाठ करून आंत मोकळें होत असे. बाहेर भिंत आणि आंत आकाश, हा या प्रदेशाच्या घराचा मूळ घाट होय.

नव्या नियमांनीं या घाटाचें काय केलें, तें एका हिशेबानें स्पष्ट होईल. १० मीटर रुंद व १५ मीटर खोल, म्हणजे १५० चौरस मीटरांचा एक भूखंड घ्या. साधारण दीड गुंठा. समजा कीं, पुढें ३ मीटर आणि उरलेल्या तिन्हीं बाजूंनीं दीड दीड मीटर जागा मोकळी सोडावयाची आहे. मग घराला उरलें ७ मीटर गुणिलें साडेदहा मीटर, म्हणजे ७३½ चौरस मीटर. अर्ध्याहून थोडी अधिक जमीन मोकळी राहिली. कागदावर हें औदार्यच दिसतें. पण ती मोकळी जागा आहे कोठें? घराभोवतीं दीड मीटरच्या पट्ट्यांत. त्या पट्टींत बाज टाकतां येत नाहीं, मूल खेळत नाहीं, लिंबाचें झाड लावलें तर तें भिंतीला भिडतें. तिच्यांत गटाराची नळी असते, मोडकी सायकल असते, पाण्याची टांकी असते. आणि पट्टीपलीकडे शेजाऱ्याचीहि तशीच पट्टी असल्यामुळें दोन्हीं घरांच्या खिडक्या तीन मीटरांवरून एकमेकींकडे पाहत राहतात. अर्थात् दोन्हीं घरांचे पडदे कायमचे ओढलेले.

आतां तेंच ७३½ चौरस मीटरांचें घर दोन्हीं बाजूंच्या शेजाऱ्यांच्या भिंतींना लावून बांधलें असें समजा. तें १० मीटर रुंद व ७.३५ मीटर खोल होईल आणि १० मीटर गुणिलें ७.६५ मीटर एवढी जमीन हवी तर एका तुकड्यांत, हवी तर चौक व परस अशा दोन तुकड्यांत, मोकळी राहील. बांधलेली जागा तितकीच, मोकळी जागाहि तितकीच. फरक भिंतींत पडतो. चहूंकडून सुटें असलेलें दोन मजली, ६ मीटर उंचीचें घर २१० चौरस मीटर भिंत उन्हाला देतें. जोडून बांधलेलें घर १२० देतें. ९० चौरस मीटर तापणारी भिंत आपण विकत घेतों, आणि मग ती थंड करण्याकरितां विजेचें यंत्र विकत घेतों. नियमावली चौकास मनाई करीत नाहीं, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. ओळीच्या घरांना सामाईक भिंतीची मुभा आहे, आणि जुन्या दाट वस्तींत बाजूच्या जागेची अटहि सैल आहे. परंतु नव्या वाढीव भागांतील सुट्या भूखंडावर चारी दिशांचें देणें दिल्यावर चौकाला द्यावयास हातांत कांहीं उरत नाहीं. मनाई न करतांहि एखादी वस्तु नाहींशी करतां येते, तिचा हा नमुना आहे.

घराची उंची आणि बाह्यरूप यांचेंहि असेंच आहे. चटई क्षेत्र निर्देशांक, ज्याला सर्व जण एफ.एस.आय. म्हणतात, तो १९६४ सालीं प्रथम मुंबईंत आला. नगरपरिषदांच्या दाट वस्तीबाहेरील भागांत तो मुळांत १.१० आहे. वरच्या भूखंडावर म्हणून १६५ चौरस मीटर बांधतां येतें. दोन मजल्यांत १४७ संपले, उरले १८. गच्चीवर एका कोपऱ्यांत जी एकटी खोली उभी दिसते, ती पुष्कळदां या वजाबाकीची बाकी असते. शिवाय निवासी इमारतींत मूळ क्षेत्राच्या ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र पैसे भरून घेतां येतें. तें घेतलें कीं हीच पेटी साडेतीन मजल्यांपर्यंत चढते. सज्जाचा इतिहास तर मनोरंजक आहे. पूर्वींच्या नियमांत सज्जा ठराविक मर्यादेपर्यंत हिशेबांत धरीत नसत. त्यामुळें घरोघरीं सज्जे फुटले. मग पैसे भरून ते बंद करण्याची सोय झाली आणि सज्जे खोल्यांच्या पोटांत गेले. २०२० च्या नियमावलीनें बाहेरच्या रेषेच्या आंतलें सगळें मोजावयाचें ठरविलें. आतां सज्जा फुकट मिळत नाहीं, म्हणून तो आखडूं लागला. या तिन्हीं अवस्थांत येथील ऊन तेंच होतें आणि संध्याकाळीं बाहेर बसण्याची मनुष्याची इच्छाहि तीच होती. बदलला फक्त हिशेब.

अनेकमजली इमारतींत वाहनतळ खांबांवर मोकळा सोडला तर तो हिशेबांत येत नाहीं. म्हणून अशा इमारती खांबांवर उभ्या राहतात. ज्या उंचीवर ओटा होता, जेथें म्हातारीं माणसें बसत आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला हांक मारीत, त्या उंचीवर आतां मोटारी बसलेल्या असतात.

अंकानें घर घडतें हा अनुभव आपलाच आहे असें नाहीं. इंग्लंडांत १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता, तेव्हां लोकांनीं विटा लावून खिडक्या बुजविल्या. न्यूयॉर्कनें १९१६ सालीं उंच इमारतींना वर जातांना मागें मागें सरावयास लावलें, आणि त्या शहराचीं पायऱ्यापायऱ्यांचीं शिखरें त्या कायद्यांतून निघालीं. १९२२ सालीं ह्यू फेरिस या चित्रकारानें त्या कायद्याच्या मर्यादेंत जास्तींत जास्त केवढा आकार बसतो तो कोळशानें काढून दाखविला. परंतु न्यूयॉर्कचा नियम निदान रस्त्यावर ऊन पोंचावें एवढ्यासाठीं होता, आणि त्या थंड शहरास ऊन हवें होतें. आमच्या ग्रंथाची अडचण अशी कीं, कोंकणांतला मुसळधार पाऊस आणि इंदापूरचें रखरखीत ऊन या दोहोंसाठीं तो एकच वृत्त वापरतो. शार्दूलविक्रीडितांत कोणी ओवी बसवूं पाहील तर आपण हंसूं. येथें मात्र आपण नकाशावर सही करतों. बारामतींत तर हा विनोद डोळ्यांपुढेंच आहे. औद्योगिक विकास महामंडळाची हद्द ओलांडली कीं नियमावली बदलते. आभाळ, माती व वारा तींच. ग्रंथ मात्र दुसरा.

जुन्या पेठेंत या नियमांचा परिणाम अधिक दुखणारा आहे. बारामतीची नगरपालिका १८६५ सालची, म्हणजे पुष्कळ गल्ल्या तिच्याहूनहि जुन्या. साडेचार मीटरांहून अरुंद गल्लींत नवें घर बांधावयाचें तर गल्लीच्या मध्यरेषेपासून सव्वादोन मीटर मागें सरावें लागतें. हेतु चांगला आहे. पालखी, रुग्णवाहिका, बंब, सर्वांना वाट हवी. परंतु गल्ली एका दिवसांत रुंद होत नाहीं. आज एक घर मागें सरतें, शेजारचें २० वर्षांनीं सरतें, त्यापलीकडचें भाऊबंदकीच्या दाव्यांत अडकून कधींच सरत नाहीं. परिणामीं गल्लीला पडक्या दांतांचें रूप येतें: बंब तर जात नाहींच, पण समोरासमोरच्या भिंतींनीं एकमेकींवर जी सावली धरिली होती ती जाते. शिवाय रुंद रस्त्यावर वाढीव बांधकाम अधिक आणि अरुंद गल्लींत मुळापुरतेंच, असें प्रमाण असल्यामुळें पैसा मोठ्या रस्त्यांच्या कडेला धांवतो. पेठेंतला मनुष्य घर दुरुस्त करावयाचें सोडून ग्राहकाची वाट पाहत बसतो. पेठा अशा म्हाताऱ्या होतात.

गांवाबाहेर आणखी निराळें चित्र आहे. नकाशावर शेती म्हणून रंगविलेल्या जमिनीचे गुंठ्यागुंठ्यानें तुकडे विकले जातात, कारण नियमांतल्या भूखंडाची किंमत ज्याच्या खिशांत नाहीं त्यालाहि डोक्यावर छप्पर हवेंच असतें. अशीं घरें नियमित करण्यासाठीं २००१ सालीं गुंठेवारीचा कायदा करावा लागला, आणि २०२१ सालीं त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवावी लागली. आधीं नियम, मग उल्लंघन, मग क्षमा, मग पुन्हा नियम, असें हें रहाटगाडगें फिरत राहतें. याच्या उलट टोक इंदापूर तालुक्यांत आहे. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें, भीमाकांठचीं गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि लोकांना आंखून दिलेल्या नव्या गांवठाणांत घरें बांधावीं लागलीं. तेथें नियमांचें उल्लंघन करावयासहि जुनी गल्ली नव्हती. उन्हाळ्यांत पाणी उतरलें म्हणजे पळसदेवचें जुनें देऊळ वर येतें आणि लोक तें पाहावयास जातात. देवळाभोवतीं एके काळीं घरें कशीं दाटीनें बसलीं होतीं, याची कल्पना मात्र तेथें जाऊन स्वतःच करावी लागते.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. 'नियमांत दोष नाहीं. लोक ते पाळीत नाहींत हा दोष आहे. स्थानिक सवलत म्हणून एक खिडकी उघडली कीं तींतून बिल्डर आंत येईल, आणि चौकाच्या नांवाखालीं चौकहि बुजवील.' ही भीति खोटी नव्हे. सज्जाचा इतिहास वर दिलाच आहे. परंतु या आक्षेपावरूनच आमचें म्हणणें सिद्ध होतें. एखादा कवि वृत्तभंग करतो तेव्हां दोष कवीचा. सगळें गांव पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागीं अडखळतें तेव्हां वृत्त तपासावें हेंच शहाणपणाचें. आणि फसवणूक टाळावयाची तर नियम मोजावयास सोपा हवा. 'चार बाजूंना चार पट्ट्या' याऐवजीं 'निम्मी जमीन आकाशाखालीं आणि तींतला निदान एक तुकडा एवढ्या लांबीरुंदीचा' हा नियम फीत लावून कोणालाहि तपासतां येईल.

यासाठीं क्रांति नको. अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखालीं फेरबदल सुचविण्याचा मार्ग नगरपरिषदेस मोकळा आहे. बारामती व इंदापूर या दोन नगरपरिषदांनीं मिळून कोरड्या व उष्ण प्रदेशासाठीं तीन गोष्टी मागाव्या असें आम्हांस वाटतें. पहिली, शेजाऱ्यांच्या लेखी संमतीनें लहान भूखंडांवर सामाईक भिंत, आणि बाजूंच्या पट्ट्यांच्या बदल्यांत एक सलग चौक. दुसरी, जुन्या पेठेंत मागें सरलेल्या जागेवर, जेथें रुंदी पुरेशी आहे तेथें, खांबांवरची छायेची ओसरी. वाट पायीं चालणाऱ्याची राहील आणि सावली सर्वांची. तिसरी, गल्लीचें रुंदीकरण घरागणिक न करतां सबंध ओळीनें एकदम, आणि ज्यांची जागा जाईल त्यांना भरपाई आधीं देऊन. यांत बंबाची वाट अडत नाहीं, उजेड कमी होत नाहीं, आणि कोणाचें एक चौरस मीटरहि बुडत नाहीं.

सुशिक्षित कुटुंबांवर या बाबतींत थोडी जबाबदारी आहे. घर बांधावयाचें ठरलें कीं आपण अभियंत्यास विचारतों, 'किती बसेल?' हा प्रश्न ग्रंथानेंच आपल्या तोंडीं घातला आहे. त्याच्या जोडीला 'दुपारीं चार वाजतां सावली कोठें पडेल?' हाहि प्रश्न घरांतील स्त्रियांनीं व वडील माणसांनीं आग्रहानें विचारावा, कारण दुपार घरांत काढावी लागते ती बहुधा त्यांना. विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हां हरकती व सूचना मागविल्या जातात. त्या वेळीं बहुतेक हरकती आपापल्या जमिनीवरील आरक्षणाबद्दल येतात. एखादी हरकत सावलीबद्दलहि यावी.

ग्रंथाविषयीं आमचा एकंदर अभिप्राय असा आहे: हेतु शुद्ध, मांडणी काटेकोर, जातिभेदापासून मुक्त, परंतु ज्या भूमीवर तो वाचला जाणार तिची त्यास ओळख नाहीं. मोरोपंतांनीं मात्रा मोजल्या त्या अर्थ पोंचावा म्हणून. या ग्रंथानेंहि चौरस मीटर अवश्य मोजावे, पण त्यांबरोबर ऊनहि मोजावें. पुढील आवृत्तींत शासनानें उष्ण प्रदेशासाठीं एक स्वतंत्र प्रकरण घालावें अशी आमची सूचना आहे, आणि तें लिहावयास बसण्यापूर्वीं लेखकांनीं मे महिन्यांतील एक दुपार इंदापूरच्या पेठेंत आणि दुसरी तेथल्याच एखाद्या नव्या वसाहतींत काढावी.